‘थांब’ म्हटल्यावर थांबायचं की पळायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मातृभाषा तमिळ, लग्नानंतर मराठी घरात आलात, दोन वर्षं पुस्तकातून आणि घरच्यांकडून मराठी शिकताय. पुस्तकात ‘थांबणे’चा अर्थ एका शब्दात मिळाला. पण घरी सासूबाई ‘थांब हं’ म्हणतात आणि स्वतःच आत निघून जातात. दीर आपल्या मुलाला ‘थांब, बघतोच तुला’ म्हणतात, तो पळत सुटतो आणि सगळे हसतात. कचेरीत मात्र तुम्ही साहेबांना ‘थांबा थांबा’ म्हणालात, तर त्यांचा चेहराच उतरला. मग हा शब्द वापरायचा तरी कुठे, आणि घरातल्या त्या हसण्याखेळण्यात तुम्हाला कसं सामील होता येईल?

गेली १८ वर्षं मी मोठ्या वयात मराठी शिकणाऱ्यांना शिकवते आहे. या शब्दापाशी जवळजवळ प्रत्येकजण अडतो, आणि त्यात शिकणाऱ्याचा काहीच दोष नसतो. कोशातला अर्थ बरोबर असतो, पण तो पायांपुरता असतो. घरात दिवसभर कानावर पडणारा ‘थांब’ क्वचितच पायांसाठी असतो. तेव्हा तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. ‘थांब’चा अर्थ काय, हे बाजूला ठेवू. ‘थांब’ म्हटल्यावर पुढे काय येणार आहे, ते बघू.

माझ्या मते या शब्दाचं सगळं मर्म त्या ‘पुढे’मध्ये आहे. मराठीत ‘थांब’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आपोआप वाटतं, आता काहीतरी येणार. ‘थांब, आलेच’ म्हटलं तर बोलणारी परत येणार. ‘थांब, सांगते बाबांना’ म्हटलं तर तक्रार जाणार. ‘थांब थांब, काय बरं नाव होतं त्यांचं?’ म्हटलं तर नाव आठवणार. म्हणून ‘थांब’ ऐकलात की लगेच अर्थ लावू नका, वाक्याचा दुसरा तुकडा येऊ द्या. त्यात क्रियापद कुणाचं आहे ते पाहा. पुढचं काम बोलणारा करणार असेल, तर तुम्ही फक्त धीर धरायचा. सासूबाई ‘थांब हं’ म्हणून आत जातात तेव्हा ‘आलेच’ हा शब्द त्यांच्या मनात असतो, तोंडात येतोच असं नाही. ‘आलेच’ हाही पाहण्यासारखा आहे. अजून गेल्यासुद्धा नाहीत, आणि क्रियापद भूतकाळी! इतक्या लवकर येईन की आलेच समज, असा तो शब्द देणं आहे.

पुतण्याचंही तसंच. ‘थांब, बघतोच तुला’ यात पुढे ‘तुला’ आलं, आणि क्रियापदाला ‘च’ लागला. ‘दाखवतोच’, ‘बघतोच’, ‘सांगतेच’ या ‘च’मध्ये धमकी असते. मुलाला कळतं की आपल्याला थांबवलेलं नाही, आपल्यामागे कुणीतरी येतंय. म्हणून तो पळतो. खरं तर पळावं म्हणूनच ते म्हटलेलं असतं. तो जागच्या जागी उभा राहिला असता तर दीर गोंधळले असते.

हा खेळ ओळखायची खूण आवाजात असते. खेळातला ‘थांब’ ताणलेला असतो, ‘थांऽऽऽब’ असा, आणि शेवटी आवाज वर चढतो. खरा ‘थांब!’ आखूड आणि तुटका असतो. मूल रस्त्याकडे धावलं की कुठलीही मराठी आई ‘थांऽऽब लबाडा’ म्हणत नाही. एकच अक्षर फेकल्यासारखा शब्द येतो आणि मूल जागीच उभं राहतं. दोन्ही तऱ्हा एकदा कानात बसल्या की निम्मं काम झालं. तुमची मातृभाषा तमिळ आहे म्हणून उच्चाराचंही सांगते: ‘थ’ म्हणताना श्वास सोडा. तळहात तोंडासमोर धरलात तर हवेचा झोत हाताला लागला पाहिजे. तो नाही लागला तर शब्द ‘तांब’ असा निघतो, आणि ऐकणाऱ्याला आधी तांब्याची आठवण होते.

शब्दाचं मूळही सांगण्यासारखं आहे. संस्कृतातला ‘स्तंभ’ प्राकृतात ‘थंभ’ झाला आणि त्यातून आपला ‘थांबणे’ आला. ‘स्तब्ध’ आणि ‘स्तंभित’ त्याच घरातले. हिंदीतले ‘थमना’ आणि ‘थामना’ही तिथलेच. म्हणजे थांबणं हे मुळात खांबासारखं ताठ उभं राहणं. वर्गात हे सांगायला मला ‘स्टॅच्यू’चा खेळ फार उपयोगी पडतो. एकजण ‘स्टॅच्यू’ म्हणतो, दुसरा आहे तसा गोठतो, हात हवेत, तोंड उघडं. ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. खांब झालेला माणूस पुन्हा माणूस होणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. ‘थांब’मध्ये हेच गृहीत असतं. थांबलेलं पुन्हा सुरू होऊ शकतं.

म्हणूनच ‘थांबणे’ आणि त्याचे शेजारी वेगळे पडतात. गाडी सिग्नलला थांबते, पण इंजिन बिघडलं की ती बंद पडते, आणि चिखलात रुतली की अडकते. ‘शिक्षण थांबलं’ म्हणणाऱ्याच्या मनात अजून आशा असते. ‘शिक्षण सुटलं’ म्हटलं की ती संपलेली असते. पावसासाठी ‘थांबला’ चालतं, पण ‘पाऊस उघडला’ हे खास मराठी. हा नियम सगळीकडे लावू नका मात्र. ‘श्वास थांबला’ म्हणतात तेव्हा पुढे काहीच नसतं. तिथे मराठी माणूस मुद्दाम मऊ शब्द निवडतो, कारण दुसरा शब्द तोंडातून निघत नाही.

जिथे पुढे काही नकोच असतं, तिथे ‘पुरे’ आणि ‘बास’ येतात. ‘पुरे’मध्ये ‘पुरणे’ आहे, म्हणजे हवं तेवढं झालं. ‘बास’ फारसीतून आला, अर्थ तोच. ताटात वाढणाऱ्याला ‘थांबा’ म्हणून पाहा, तो डाव हवेत धरून तुमच्याकडे बघत राहील: आता काय सांगणार ही? ‘बास बास’ म्हणा आणि हात ताटावर आडवा धरा, तो पुढच्या पानाकडे जाईल. पुस्तकात ‘बास’ कधी ‘बस’ असा लिहिलेला दिसेल. मग ‘बस’ म्हणजे खाली बस, ‘बस’ म्हणजे पुरे आणि ‘बस’ म्हणजे गाडी, असे तीन शब्द एकाच रूपात समोर येतात. तिघांची मुळं वेगवेगळी आहेत. बसणे हे जुन्या ‘बैसणे’चं रूप, पुरे या अर्थाचा फारसी, आणि गाडीचा इंग्रजीमार्गे लॅटिनमधला, ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाचा. बोलताना पुरे या अर्थाचा शब्द बहुतेकजण लांबवून ‘बास’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होत नाही. तुम्हीही लांबच म्हणा.

आता तुमच्या साहेबांकडे वळू, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतंय. तुम्ही आदरार्थी ‘थांबा’ म्हणालात, ‘थांब’ नव्हे, मग चुकलं काय? व्याकरण चुकलं नाही. पुढे काय येणार आणि ते कुणाच्या सोयीचं, हे चुकलं. त्यांचं बोलणं चालू होतं, तुम्ही ते खांबासारखं उभं केलंत, आणि पुढची पाळी स्वतःकडे घेतलीत. आदराचा ‘आ’ लावला तरी आज्ञा ती आज्ञाच राहते. याउलट सासूबाई जड पातेलं उचलायला वाकल्या आणि तुम्ही ‘थांबा हं आई, मी घेते’ म्हणालात, तर त्याच ‘थांबा’मध्ये माया आहे, कारण पुढचं काम तुम्ही त्यांच्या वाटचं करताय. शब्द एकच, दोन्हीकडे ‘मी’च पुढे येतेय, पण एकीकडे मी हिसकावून घेतेय आणि दुसरीकडे भार उचलतेय. पाहुण्यांना ‘थांबा हो, चहा टाकते’ म्हणतात ते या दुसऱ्या जातीचं.

साहेबांना काय म्हणायचं? मी विद्यार्थ्यांना सांगते की त्यांना थांबवू नका, स्वतःसाठी वेळ मागा. ‘सर, एक मिनिट बोलू का?’ किंवा ‘मध्येच बोलतेय, पण एक विचारायचं होतं.’ फार घाई असेल तर नुसतं ‘एक मिनिट हं सर’. यात कुणालाही खांब केलेलं नाही. अर्थात कचेरीवरही अवलंबून आहे. जिथे सगळे एकमेकांना अरेतुरे करतात तिथे ‘थांब थांब, हे परत सांग’ कुणाला खटकत नाही, उलट ऐकणारी लक्ष देतेय असं वाटतं. तुमचे साहेब कसे आहेत ते तुम्हीच जाणता. चेहरा उतरला म्हणालात, त्यावरून मी जुन्या वळणाचे धरतेय.

प्रश्नार्थी रूपांकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे पुस्तकं हमखास फसवतात. ‘थांबशील का?’ ही विनंती. ‘थांबणार आहेस का?’ म्हणजे बेत काय आहे, ही चौकशी. आणि ‘थांबतोस का जरा?’ दिसायला प्रश्न, पण असतो वैताग. तो ऐकला की उत्तर द्यायचं नसतं, गप्प व्हायचं असतं. माझा एक विद्यार्थी घरमालकिणीशी फोनवर बोलत होता. त्या हिशोब सांगत होत्या, हा मध्येमध्ये विचारत होता. त्या म्हणाल्या, ‘थांबता का जरा?’ तो अगदी सौजन्याने म्हणाला, ‘हो, थांबतो. किती वेळ?’ पलीकडे शांतता. त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात येईपर्यंत कळेना की आपण उद्धट कुठे झालो.

शब्दाला चिकटणारी छोटी अक्षरंही अर्थ फिरवतात, आणि इथेच मराठीची गोडी आहे. ‘थांब ना’मध्ये लाडिक आर्जव आहे, जाऊ नकोस अशी. ‘थांब की’मध्ये आग्रह आहे, काय बिघडतं थांबलास तर? ‘थांब हं’मध्ये दिलासा असतो, कधी समजही. ‘थांब जरा’ हे सगळ्यात सरळ आणि सगळीकडे चालणारं. ‘तू थांब गं’ असं ‘तू’ पुढे आलं की अर्थ होतो, तू यात पडू नकोस, मी बघते. आणि ‘थांबच तू’ म्हणजे पुन्हा ती दिरांची धमकी. फोनवरच्या संदेशात तर ही अक्षरं फारच जपा. समोर चेहरा नसतो, आवाज नसतो. नुसतं ‘थांब’ लिहून पाठवलंत तर वाचणाऱ्याला रागाचा वास येतो. ‘थांब ना’ किंवा ‘थांब हं’ लिहिलंत की तेच गोड होतं.

प्रदेशाप्रमाणे ही शेपटं बदलतात. कोल्हापूरकडे ‘थांब की लेका’ ऐकाल, नागपूरकडे ‘थांब ना बे’, जळगावकडे ‘थांब ना भो’. मालवणीत तर शब्दच वेगळा, ‘रव’. तिथे ‘रव मरे’ म्हणाले की थांबायचं. तुमचं सासर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून एवढंच सांगते की ‘बे’ आणि ‘लेका’ ऐकून समजून घ्या, पण स्वतः वापरायची घाई करू नका. ती जवळिकीची अक्षरं आहेत, आणि जवळीक समोरच्याने आधी दिली की मगच शोभतात.

व्याकरणाची एक चूक वर्गात प्रत्येक वेळी येते. खाली उभं राहून फोन करताना शिकणारे म्हणतात, ‘मी खाली थांबतेय.’ मराठी माणूस म्हणतो, ‘मी खाली थांबलेय.’ क्रिया चालू आहे, मग भूतकाळासारखं रूप का? कारण थांबण्याची क्रिया एका क्षणात उरकली, आता चालू आहे ती अवस्था. बसलेय, झोपलाय, उभी राहिलेय ही सगळी याच पंगतीतली. ‘मी दोन दिवस थांबतेय’ हे बरोबर आहे, पण त्याचा अर्थ मुक्कामाचा बेत. दुसरी चूक ‘थांबणे’ आणि ‘थांबवणे’ची. गाडी आपण होऊन थांबते, चालक ती थांबवतो. आणि ‘हे थांबव’, ‘रडणं थांबव’ अशी वाक्यं भाषांतरित मालिकांमध्ये ऐकू येतात, ती घरात कुणी म्हणत नाही. घरात म्हणतात, ‘रडू नकोस’, ‘पुरे आता’, ‘बंद कर बघू ते’. कुणाचं वागणं थांबवायचं असेल तर मराठी बहुतेक वेळा ‘नको’कडे जाते.

पाट्यांवरचा ‘थांबा’ तर वेगळाच. तो क्रियापदही आहे आणि नामही. नाम ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याला विभक्ती लावून पाहा: थांब्यावर, थांब्याजवळ, दोन थांबे. क्रियापदाला हे जमत नाही. माझी एक विद्यार्थिनी एसटीच्या ‘विनंती थांबा’ अशा पाटीखाली उभी होती. तिने ते ‘विनंती: थांबा’ असं वाचलं आणि शहाण्यासारखी थांबून राहिली. गाडी समोरून निघून गेली. विनंती थांबा म्हणजे जिथे हात दाखवला तरच गाडी थांबते ती जागा. विनंती प्रवाशाने करायची असते. तसंच ‘विनाथांबा’ म्हणजे मध्ये कुठेच न थांबणारी. आणि तुमचा थांबा आला की वाहकाला म्हणायचं ‘थांबवा हो, उतरायचंय’. तो एक घंटा देतो, गाडी थांबते. दोन दिल्या की निघते.

इथवरचं दोन वाक्यांत सांगायचं तर: ‘थांब’ ऐकला की पुढचं क्रियापद कुणाचं आणि कुणासाठी ते बघा, आणि शेवटच्या अक्षराकडे कान द्या. स्वतः बोलताना वरिष्ठांचं बोलणं ‘थांबा’ने तोडू नका, मदतीसाठी मात्र तोच शब्द खुशाल वापरा.

आता खेळाचं. हल्ली मराठी पोरं थांबवण्यासाठी जे शब्द वापरतात त्यांत माझा सगळ्यात आवडता ‘आवरा!’ आवरणे म्हणजे ताब्यात ठेवणे, आणि नीटनेटकं करणेही. ‘लवकर आवर’ म्हणजे तयार हो. पण कुणी फारच बढाया मारायला लागला, किंवा फारच नटूनथटून फोटो टाकला, की खाली प्रतिक्रिया येते, ‘अरे कुणीतरी आवरा याला!’ किंवा नुसतंच ‘आवरा!’ सांगितलंय कुणाला? कुणालाच नाही. आणि आवरावं अशी खरी इच्छाही नसते. बहुतेक वेळा ते कौतुकच असतं. ‘बास का राव!’ हाही असाच: मित्राने परक्यासारखं वागवलं की लटक्या रागाने म्हणायचं, एवढीच का आपली मैत्री? फार बोलणाऱ्याला ‘ब्रेक लाव जरा’ म्हणतात, वाद मिटवायचा तर ‘विषय संपला’. यातलं ‘ब्रेक लाव’ मोठ्यांपुढे नको.

‘थांब’चा स्वतःचाही एक खेळकर वापर आहे, नाटकी धक्क्याचा. कधीच लवकर न उठणारा नवरा म्हणाला, ‘उद्या पहाटे फिरायला जाऊ’, तर म्हणायचं, ‘थांब थांब थांब. मला आधी बसू दे.’ तीनदा, प्रत्येक वेळी थोडं सावकाश. मराठी घरात याला हमखास हसू येतं.

आणि मुलांच्या खेळात ‘थांब’ चालतच नाही, हे पुतण्याबरोबर खेळताना ध्यानात ठेवा. पकडापकडीत दम लागला, चप्पल निसटली, तर ओरडायचं ‘टाइमप्लीज!’ हा एकच शब्द आहे, दोन नव्हेत, आणि पोरं तो इतक्या घाईत म्हणतात की ‘टॅम्प्लीज’ असा ऐकू येतो. तो म्हटला की राज्य असलेल्यालाही तुम्हाला आउट करता येत नाही. मोठी माणसंसुद्धा कामाच्या रगाड्यात ‘टाइमप्लीज रे बाबा’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला ती लगेच लहानपणाची सूट आठवते.

तर सुरुवात पुतण्यापासूनच करा. त्याने तुमची ओढणी ओढली की ‘थांऽऽब, बघतेच तुला’ म्हणा. स्वर लांबवा, ‘च’वर जोर द्या, आणि म्हणता म्हणता एक पाऊल पुढे टाका. पाऊल विसरू नका, मुलं शब्दाआधी तेच बघतात. तो पळाला तर तुमचं ‘थांब’ जमलं. आणि थोड्या वेळाने तोच धापा टाकत ‘काकू, टाइमप्लीज!’ म्हणाला, तर खरंच थांबा.